हवा कमी पडलेली आग

बंबकाका शाळेत रसायनशास्त्रात नापास झाले होते आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या विषयाचं आणि आपलं पहिल्यापासून वाकडं, असं ते हसत सांगत. मोठ्या चौकाच्या कोपऱ्यावर लाल दारांचं अग्निशमन केंद्र होतं. तिथे ते तरुणपणी भरती झाले आणि तिथलेच होऊन गेले. गल्लीतली मुलं त्यांना बंबकाका म्हणायची, मग मुलांच्या आया म्हणायला लागल्या, आणि शेवटी पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायला लागला.

केंद्रातलं काम त्यांच्या अंगात मुरलं होतं. ओले पाइप उंच मनोऱ्यात टांगून वाळवायचे, पाइपांची पितळी तोंडं घासून लखलखीत ठेवायची, बुटांवर विजारी अशा दुमडून ठेवायच्या की घंटा झाल्यावर माणसानं सरळ त्यात उडी मारावी. आगीवर जाताना पाइप दोघांनी धरायचा असतो. पुढचा तोंड सांभाळतो, मागचा त्याच्यामागे पाइपचं वजन पेलत चालतो. काकांच्या पुढे कायम लंबू असायचा. उंचीमुळे त्याला ते नाव पडलं होतं. पुढच्याला आग दिसते आणि मागच्याला पुढच्याची पाठ. इतकी वर्षं काढल्यावर काकांना लंबूच्या चेहऱ्यापेक्षा त्याची पाठच जास्त ओळखीची झाली होती. खांदा किंचित डावीकडे झुकला की तो वळणार, मान आत गेली की खाली बसणार. बोलायची गरजच पडत नसे.

एका दुपारी गाद्या बनवणाऱ्या कारखान्यातून फोन आला. आग मागच्या गोदामात होती. दोघं पाइप ओढत गोदामाच्या दाराशी पोचले, तेव्हा आगीचा मागमूस नव्हता. ज्वाळा नाहीत, तडतड नाही. बंद खिडक्यांच्या काचा आतून काळपट, तेलकट झालेल्या. लोखंडी दाराखालच्या फटीतून धूर थोडा बाहेर यायचा आणि पुन्हा आत ओढला जायचा, आत कुणी मोठं जनावर झोपलं असावं तसा.

“विझत आलीय बहुतेक,” लंबू म्हणाला.

काकांनाही तेच वाटलं. कामगार सगळे बाहेर आलेत असं मुकादम सांगत होता, पण एकदा आत नजर टाकणं भाग होतं. लंबूनं कडी काढली आणि दार ओढलं.

पुढचं काकांना तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. कानांजवळून वारा गेला, बाहेरून आत. मग एक आवाज झाला, तो कानांपेक्षा छातीलाच जास्त कळला. अख्ख्या दारातून आग बाहेर आली. काका अंगणात उभ्या असलेल्या हातगाड्यांवर जाऊन आदळले. मध्ये लंबूची पाठ होती म्हणून ते वाचले. लंबू तिथेच गेला.

रीतसर चौकशी झाली. मुख्य कचेरीतून आलेल्या अधिकाऱ्यानं निष्कर्ष लिहिला, ‘घाईने दार उघडल्यामुळे दुर्घटना.’ तो केंद्रात वाचून दाखवला गेला, आणि नियमाप्रमाणे लंबूच्या घरीही कळवला गेला. हळूहळू लोकांच्या बोलण्यात त्यातला ‘घाई’ हा शब्द रुळला. लंबू तसा गुणी, पण जरा घाई केली बिचाऱ्यानं. काका हे ऐकून घ्यायचे. त्यांना ते पटत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं. दार लंबूनंच उघडलं होतं, हे तर खरंच होतं.

इस्पितळातून घरी आल्यावर कळलं की छाती पूर्वीची राहिलेली नाही. गरम धूर आतवर गेला होता. एक जिना चढला तरी काकांना कठडा धरून उभं राहावं लागायचं. आता बंबावर चढण्याचा प्रश्नच नव्हता. केंद्राच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

“भरती झालेल्या पोरांना शिकवणारे गुरुजी सोडून गेलेत. त्यांची खोली तुम्ही घ्या.”

“पाइप गुंडाळायला शिकवीन, साहेब. शिडी लावायला शिकवीन.”

“लेखी परीक्षाही असते. ज्वलनाची समीकरणं, आगीवर मारायच्या फेसाच्या, म्हणजे फोमच्या द्रावणाचं प्रमाण. तेही शिकवायचं.”

“मी रसायनशास्त्रात नापास आहे.”

“मग पोरांचं घोडं कुठं अडतं ते तुम्हाला बरोबर कळेल,” साहेब म्हणाले, आणि समोरची फाईल मिटली.

घरी काकांनी जुन्या गुरुजींचं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच समीकरणापाशी मिटून ठेवलं. बायको ओट्यापाशी उभी होती. सहज बोलावं तसं ती म्हणाली, “ताईला विचारा की.”

काकांना तेच नको होतं. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, जिभेला धार असलेली बाई. धाकट्या बहिणीनं आगीत उड्या मारणाऱ्या माणसाशी लग्न केलं हे तिला कधी रुचलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती काकांना ‘जावईबापू’ म्हणायची, आणि त्या शब्दात मानापेक्षा टोमणाच जास्त असायचा.

तरी काका गेले. ताईंनी दार उघडलं, हातातलं पुस्तक पाहिलं आणि बाजूला झाल्या.

“या, जावईबापू. आग विझवून झाली, आता समजून घ्यायची म्हणता?”

“मोल म्हणजे काय तेवढं सांगा, ताई. शाळेत कुणी सांगितलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर होतो.”

“डझन म्हणजे काय?”

“बारा.”

“मोल म्हणजे डझनाचा थोरला भाऊ. फारच थोरला. अणुरेणू इतके बारीक असतात की डझनानं मोजायला बसलात तर जन्म पुरायचा नाही. म्हणून मोठा गठ्ठा बांधायचा आणि गठ्ठे मोजायचे. यात घाबरण्यासारखं काय आहे?”

टेबलावर त्यांनी बटणांचा डबा उपडा केला. काळी बटणं कार्बन, पांढरी हायड्रोजन, लाल ऑक्सिजन. लाल बटणं त्यांनी दोन-दोन करून दोऱ्यानं बांधली. ऑक्सिजन हवेत एकटा हिंडत नाही, जोडीनंच हिंडतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सिलिंडरमधल्या गॅसचा, प्रोपेनचा एक कण मांडला. तीन काळी बटणं, आठ पांढरी.

“जाळा.”

काकांनी डोकं खाजवलं. पूर्ण जळायचं तर प्रत्येक काळ्याला दोन लाल लागतात आणि दर दोन पांढऱ्यांना एक लाल, एवढं पुस्तकात होतं. काळ्यांसाठी सहा, पांढऱ्यांसाठी चार. मोजून मोजून त्यांनी लाल बटणं गोळा केली आणि जोड्या बघून थांबले.

“पाच जोड्या.”

“लिहा. एक प्रोपेन, पाच ऑक्सिजन. त्यातून तीन कार्बन डायऑक्साइड आणि चार पाणी. जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर आलं पाहिजे. एक बटण जरी कमी भरलं, तरी ते कुठं गेलं याचा जबाब तुम्ही द्यायचा.”

काकांना ते आवडलं. आगीनंतर ते जो ढिगारा बघत आले होते, त्यातलं काहीच नाहीसं झालेलं नसतं, नुसती मांडामांड बदललेली असते, असा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. ते दर आठवड्याला जायला लागले. फोमच्या द्रावणापाशी त्यांची पहिली फजिती झाली. तीन टक्के द्रावण म्हणजे शंभर लिटर पाण्यात तीन लिटर फोम, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

“मग सगळं मिळून किती झालं?” ताईंनी विचारलं.

“एकशे तीन.”

“आणि एकशे तीनात तीन म्हणजे तीन टक्के?”

काकांनी वहीतला आकडा खोडला.

“तुमच्या बंबाला एवढ्याशानं काही होणार नाही. पण परीक्षकाला होईल. शंभर व्हायला हवं ते सगळं द्रावण. पाणी सत्त्याण्णव.”

एकदा ताईंनी टेबलावर दोन प्रोपेन मांडले आणि लाल जोड्या मुद्दाम कमी दिल्या. पूर्ण जळायला दहा लागल्या असत्या. त्यांनी सातच ठेवल्या.

“हवा कमी पडलीय,” त्या म्हणाल्या. “आता जाळा. लाल एकही उरता कामा नये.”

काका खूप वेळ बटणं सरकवत राहिले. पांढऱ्यांचं पाणी आधी पुरं केलं, त्यात आठ लाल गेले. उरलेले सहा त्यांनी काळ्यांना एकेक वाटले. सहा काळे आणि सहा लाल, एकाशेजारी एक.

“बरोबर. हा कार्बन मोनॉक्साइड. दोन ऑक्सिजन हवे होते, एकच मिळाला. हा विषारी असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. अजून काय असतो?”

“काय?”

“हा जळतो. त्याला उरलेला ऑक्सिजन मिळाला की हा पुन्हा जळतो.”

काकांनी मान वर केली. “म्हणजे धूर जळतो?”

“धुरातला हा वायू जळतो. शिवाय कापूस, लाकूड, गाद्यांतला फोम तापल्यावर जी वाफ निघते, तीही जळते. हवा कमी पडली की ज्वाळा दिसत नाहीत, म्हणून माणसाला वाटतं आग संपली. आग कुठली संपतेय? इंधन आहे, उष्णता आहे. ऑक्सिजन तेवढा यायचा बाकी असतो.”

काकांचा हात बटणांवरच राहिला. मग त्यांनी त्या दुपारचं सगळं सांगितलं. बायकोलाही त्यांनी ते असं सलग कधी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर ताईंनी, वर्गात विचारत असतील तसे, एकेक प्रश्न विचारले.

“खिडक्या कशा होत्या?”

“आतून काळ्या. तेलकट.”

“दार?”

“हातमोज्यातूनही चटका लागत होता.”

“धूर बाहेर येत होता की आत जात होता?”

“दोन्ही. श्वास घेतल्यासारखा.”

“आणि दार उघडल्यावर वारा?”

“आत गेला.”

ताईंनी चष्मा काढून ठेवला. सांत्वनाचे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच कधी. “आज पुरे,” त्या म्हणाल्या. मात्र त्या दिवशी, आल्यागेल्याला बसल्या जागेवरून निरोप देणाऱ्या ताई काकांना सोडायला फाटकापर्यंत आल्या. “सावकाश जा,” म्हणाल्या. जावईबापू म्हणाल्या नाहीत.

इकडे वर्ग सुरू झाला होता. नव्या पोरांत एक मुलगी होती, पोहण्याच्या शर्यती जिंकून आलेली. तिला सगळे मासोळी म्हणायचे. तिला प्रश्न फार पडायचे.

“मास्तर, आग लागल्यावर ही समीकरणं सोडवत कोण बसणार?”

“कुणी नाही. तिथं वेळ मिळत नाही, म्हणूनच इथं बसून सोडवायची.”

फोमचा धडा काकांनी अंगणात घेतला. दोनशे लिटरच्या पिंपात तीन टक्के द्रावण करायचं. पोरांनी फळ्यावर गणित केलं आणि पिंपात फोम ओतला. काकांनी मुद्दाम लक्ष घातलं नाही. पलीकडे पत्र्याच्या मोठ्या थाळ्यात तेल पेटवलं होतं. पोरांनी जोरात फवारा मारला, तर फेस साबणाच्या पाण्यासारखा पातळ निघाला आणि तेलावरून वाहून गेला. आग तशीच.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मासोळी फळ्यापाशी गेली, बोट फिरवत थांबली आणि म्हणाली, “सहा लिटर घालायला हवा होता. आम्ही सहाशे मिलिलिटर घातला. एक शून्य खाल्लं.”

“मग ते शून्य परत आणा.”

दुसऱ्या पिंपातला फेस दाट होता. तो तेलावर दुलईसारखा पसरला, आणि खालची आग हवा न मिळून निमूट विझली. आपण सांगून जे कुणाच्या डोक्यात शिरलं नसतं, ते थाळ्यानं सांगितलं, हे काकांच्या मनात घर करून राहिलं.

मग अपूर्ण ज्वलनाचा धडा आला. काकांनी बटणांऐवजी फळ्यावर काळी-लाल वर्तुळं काढली आणि सगळं समजावलं. फक्त दाराचं सांगितलं नाही. ते तोंडाशी आलं की काका पुन्हा फळ्याकडे वळायचे. शेवटी मासोळीनंच हात वर केला.

“मास्तर, आपल्या केंद्रातले एकजण घाईनं दार उघडल्यामुळे गेले, असं ऐकलंय. म्हणजे असं दार सावकाश उघडायचं का?”

वर्गातल्या बाकीच्यांनी पेनं उचलली. ‘सावकाश उघडावे’ असं लिहून घ्यायला ते तयार होते. काकांनी खडू खाली ठेवला. ‘घाई’ हा शब्द आता नुसता लंबूला लागलेला डाग राहिला नव्हता. या पोरांनी तो खरा मानला, तर एक दिवस त्यांच्यातलं कुणी अशाच दाराशी उभं राहील, आणि ते अगदी हळूहळू उघडेल.

“लिहू नका,” ते म्हणाले. “सावकाश उघडलं तरी तेच होतं. असं दार उघडायचंच नाही. आधी वरून वाट करून द्यायची, छपरातून गरम वायू बाहेर जाऊ द्यायचा. तोवर बाजूला, खाली बसून राहायचं, पाणी तयार ठेवून. आणि जे गेले त्यांनी घाई केली नव्हती. मी त्यांच्या मागे होतो.”

वर्ग संपल्यावर ते तसेच साहेबांकडे गेले आणि तो निष्कर्ष बदलून मागितला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुख्य कचेरीतली जुनी फाईल आता कुणी उघडणार नाही, असं त्यांनी खरं ते सांगितलं. “तुमच्या खोलीत तुम्ही काय शिकवता ते मात्र तुमच्या हातात आहे.”

काकांना वाटलं, अजून एका ठिकाणी जायला हवं. तिथं ते बरेच दिवस गेले नव्हते.

लंबूची बायको घरी पुस्तकं बांधायचं काम करायची. वाचनालयांची फाटकी पुस्तकं तिच्याकडे यायची. टेबलावर सुट्या पानांचे गठ्ठे, खळीचं भांडं, जाड सुया, आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब. काकांना पाहून ती उठली नाही, पण समोरच्या खुर्चीवरचे गठ्ठे उचलून तिनं जागा केली.

“बसा, भावजी. वाट चुकलात?”

“चुकलोच होतो, वहिनी.”

त्यांनी तिला सगळं सांगितलं. बटणांचं, कमी पडलेल्या हवेचं, काळ्या काचांचं. ती सुई चालवत ऐकत होती. मध्येच सुई थांबली.

“म्हणजे त्यांनी सावकाश उघडलं असतं तरी?”

“तरी हवा आत गेलीच असती.”

“हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“नाही.”

“त्यांना?”

“नाही. आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.”

ती पानांच्या कडा सारख्या करत राहिली. “तो माणूस घरात एक काम घाईनं करायचा नाही,” ती म्हणाली. “बुटाची नाडी बांधायला लागला की मी दोनदा चहा गरम करायची. आणि तिथंच नेमकी घाई केली म्हणे. मला वाटायचं, म्हणजे मी याला ओळखतच नव्हते. किंवा ओळखत होते, आणि त्यानं मला फसवलं.” मग तिनं काकांकडे सरळ पाहिलं. “तुम्ही मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाही ना? तुम्ही दोघं एकमेकांना फार सांभाळून घ्यायचात.”

काकांकडे समीकरण होतं, आणि ते या टेबलावर ठेवून काही उपयोग नव्हता.

“दाखवलं तर चालेल?” त्यांनी विचारलं.

पुढचे काही दिवस ते केंद्राच्या मागच्या अंगणात खोका बनवत होते. जाड प्लायवूडचा, माणसाच्या कमरेएवढा, लोखंडी तिवईवर ठेवलेला. एका अंगाला बिजागरीचं दार, आणि ते लांबून उघडता यावं म्हणून आकडा लावलेली लोखंडी कांब. हवेचा अंदाज जमेना. पहिला खोका नुसता जळून गेला, दुसरा गुदमरून विझला. ताईंना बोलावून घेतलं, तर त्या खुर्ची टाकून बसल्या आणि भोकं कुठं बुजवायची ते सांगत राहिल्या. त्यांच्या साडीवर ठिणगी उडाली, ती मासोळीनं विझवली. ताई म्हणाल्या, “तुमच्या धंद्यात माणसं चपळ असतात हे मान्य.” काकांनी हे बायकोला घरी जाऊन दोनदा सांगितलं.

ठरलेल्या सकाळी लंबूची बायको आली. पोरं हेल्मेटं घालून, पाण्याचा पाइप धरून अर्धगोलात उभी राहिली होती. काकांनी खोक्यात लाकडाचे तुकडे पेटवले. ज्वाळा नीट वर आल्या, मग त्यांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतला उजेड गेला. फटीतून पिवळट करडा धूर यायला लागला, थोडा बाहेर, पुन्हा आत. सगळं शांत झालं.

“आता बघून काय वाटतं?” काकांनी विचारलं.

“विझली,” एक पोरगा म्हणाला.

काकांनी कांबीनं दार खेचलं. क्षणभर काहीच नाही. मग भस्सकन आवाज झाला आणि खोक्यातून आगीचा लोळ बाहेर आला. ज्यांना काय होणार हे तोंडपाठ होतं, तेही मागे सरले.

लंबूची बायको जागची हलली नव्हती. “परत दाखवा,” ती म्हणाली.

काकांनी दार लावलं. पुन्हा काळोख, पुन्हा तो आत-बाहेर होणारा धूर. ते कांब उचलणार, तोच ती पुढे आली.

“मी उघडते.”

काकांनी साहेबांच्या खिडकीकडे पाहिलं. साहेब तिथं उभे होते, त्यांनी अडवलं नाही. मासोळीनं स्वतःचं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा आवळला, हातमोजे दिले. काका तिच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी कांबीचं मागचं टोक धरलं.

तिनं दार सावकाश उघडलं, इतकं सावकाश की बिजागरीची कुरकुर प्रत्येकाला ऐकू आली. बोटभर फट पडली, मग दोन बोटं, मग तळहाताएवढी. ती थांबली. काकांना तिच्या खांद्यावरून आत ओढला जाणारा धूर दिसत होता. मग आग आली, पहिल्यासारखीच, दारातून बाहेर आणि वर.

पाइपचं पाणी सुटलं, वाफ झाली, खोका काळा ठिक्कर पडला. तिनं कांब खाली ठेवली. हेल्मेट काढायला तिला पट्टा सापडेना, तो ताईंनी सोडवला आणि तिला आपल्या खुर्चीत बसवलं.

“इतके दिवस मी त्यांच्यावर चिडून होते,” ती काकांना म्हणाली. “आरामात आले असते घरी, पण घाई नडली, म्हणून. रोज भांडायची मनातल्या मनात. आता कुणावर चिडू, भावजी?”

पोरं खोक्याचे निखारे विझवत होती. बऱ्याच वेळानं ती रडली, आणि रडून झाल्यावर तिनं प्यायला पाणी मागितलं.

मुख्य कचेरीतल्या फायलीत तो शब्द आजही तसाच असेल. पण साहेबांनी दुसऱ्या दिवशी खाली निरोप पाठवला की भरती झालेल्या प्रत्येक तुकडीला खोका दाखवायचा. पोरं येत गेली, शिकून जात राहिली. लेखी परीक्षेत काही नापास झाली, त्यांना काका घरी बोलावून बटणं मांडून देत. ताईंच्या घरी आता त्यांची बायकोही बरोबर जायची, आणि दोघी बहिणी गप्पा मारत बसल्या की काका फोमची गणितं तपासत बसायचे.

पुढे मासोळी पाइपवर पुढची जागा घेऊ लागली. एकदा फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत आग लागली. दाराशी पोचल्यावर तिनं काळ्या काचा पाहिल्या, फटीतून आत जाणारा धूर पाहिला आणि सगळ्यांना बाजूला, खाली बसवलं. वर चढून छपराचे पत्रे आधी काढले. खोली जळाली, माणसं सगळी चालत परत आली. कुणाला काही झालं नाही म्हणून त्याची कुठं चर्चाही झाली नाही.

काकांना ते कळलं तशी त्यांनी टोपी घातली आणि दम खात खात लंबूचं घर गाठलं. लंबूची बायको एका जाड शब्दकोशाचा कणा शिवत होती. काकांनी सांगितलेलं तिनं मान खाली घालून ऐकलं.

“सगळे आले परत?” तिनं विचारलं.

“सगळे.”

“ती पोरगी?”

“तीही. भुवया तेवढ्या करपल्यात.”

“येतील परत,” ती म्हणाली. दोरा दातानं तोडून तिनं शब्दकोश दाबाखाली ठेवला, दाबाचं चाक आवळलं आणि चहा टाकायला उठली.